कोणी वाचलं, ते सांगायचं नसतं

परवा माझ्या दुकानात दोन बहिणींचं भांडण झालं. दोघी लग्न झालेल्या, चांगल्या समजदार, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या. धाकटीनं मोठीला फोनवर काहीतरी लिहून पाठवलं होतं, मोठीनं ते वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या होत्या, आणि तरी तिनं उत्तर दिलं नव्हतं. "वाचलं ना? मंग काऊन नाई बोलली?" या एका मुद्द्यावर त्या बाकीचं आयुष्य मोडायला निघाल्या होत्या. मी गोळ्यांची पट्टी कापत होतो आणि मला यमुनाबाई आठवत होत्या. त्या असत्या तर काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या असत्या, "तू धाडलं ना? पोचलं ना? मंग तुयं काम सरलं. तिनं वाचलं का नाई, हे तुले कायले पाह्यजे?"

सडक अर्जुनीच्या बस स्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे. त्याच्या भिंतीला भिंत लागून यमुनाबाईंचा टेलिफोनचा बूथ होता. मी एकोणीसशे नव्याण्णव साली दुकान मांडलं तेव्हा त्या आधीच तिथे ठाण मांडून बसल्या होत्या. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला होता, म्हणून अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळालेला. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मले फुरसत कुठी होती?" राहायच्या भावाकडे. भाऊ सज्जन माणूस, फक्त त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर पोचायचं. एकाच घरात अशी दोन माणसं देवानं कशी घातली, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

यमुनाबाई कोहळी समाजातल्या. त्यांच्या पूर्वजांनी गावोगावी तलाव बांधले, आणि वडील गावच्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, सोडायचं काम करायचे. वडिलांचं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. "माहा बाप म्हने, कोनाच्या बांधीत किती पानी गेलं हे सोडनाऱ्याले मालूम असते. पर त्यानं ते सांगत फिरायचं नसते. सांगतलं का गावात डोकी फुटतात." हे वाक्य त्या ज्याला सुनवायच्या तो पुन्हा चौकशी करत नसे.

त्यांच्या बूथमधली काचेची केबिन वरून उघडी होती. आत माणूस बोलायला लागला की बाहेर शब्द न् शब्द ऐकू यायचा. बाईंनी त्यावर उपाय काढला होता. कुणी रिसीव्हर उचलला की त्या रेडिओचा आवाज वाढवायच्या. मग आतला माणूस आणखी जोरात बोलायचा, बाई आणखी आवाज वाढवायच्या, आणि भिंतीपलीकडे मी भजन, बाजारभाव आणि कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी एकदम ऐकत बसायचो. बोलणं संपलं की यंत्रातून बिलाची चिठ्ठी निघायची, तिच्यावर लावलेला नंबर छापलेला असायचा. बाई नंबराचा तेवढा तुकडा फाडून चहाच्या शेगडीत टाकायच्या आणि उरलेली चिठ्ठी हातात द्यायच्या.

एकदा एक गृहस्थ तावातावानं आले. गावात मान असलेला माणूस, मोठी शेती. त्यांची मुलगी आदल्या दिवशी बूथमधून कुणाशी तरी बोलली होती, तो नंबर त्यांना हवा होता.

"नंबर मी ठेवत नाई," बाई म्हणाल्या.

"तुमाले याद असंल. तुमची याददास्त साऱ्या गावाले माहीत आहे."

"याद आहे. सांगत नाई."

"मी बाप आहो तिचा!"

"मंग तिलेच इचारा. घरातच असंल ना ती?"

ते गृहस्थ त्यानंतर फोन करायला थेट कोहमाऱ्याला जायचे. बाईंनी ते गिऱ्हाईक हसत सोडलं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस त्या चिडचिड्या होत्या आणि माझ्या दुकानातली काचेची बरणी त्यांच्या हातून फुटली. पण नंबर सांगितला नाही.

आसपासच्या घरांचे फोनही त्यांच्याच नंबरावर यायचे. मग काठी घेऊन बाई स्वतः बोलवायला निघायच्या. नोकरी लागल्याचा फोन असो की कुणी गेल्याचा, दारात उभं राहून एकाच आवाजात म्हणायच्या, "तुमचा फोन आहे, चला." चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. शेजारचा पाटले मास्तर गमतीनं म्हणायचा, "बाई दारात आली का छातीत धस्स होते, लेक पास झाली का बाप मेला, काहीच समजत नाई." पण त्याचा बाप खरंच गेला तेव्हा बाईंनी त्याला बूथपर्यंत शांतपणे आणलं, केबिनमध्ये बसवलं, रेडिओ मोठा केला आणि बाहेरून दार लावून त्याला पोटभर रडू दिलं. रस्त्यावरच्या कुणालाही काही कळलं नाही.

मीसुद्धा एकदा हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आमच्या ओळखीतले एक जण रोज नागपूरला फोन लावायचे, आणि मला उगाच उत्सुकता. मी आडून विचारलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमच्या दुकानातून कोन कायची गोळी नेते, मी इचारलं का कधी?" मी गुपचूप माझ्या गल्ल्यावर जाऊन बसलो.

पुढे घरोघरी फोन झाले, मग हातात आले, आणि बूथ ओस पडला. बाईंनी कर्ज न काढता, जुनं सोनं मोडून दोन संगणक घेतले आणि पाटीवर 'इंटरनेट' हा शब्द वाढवला. तेव्हा वय पन्नाशीकडे झुकलेलं. दोन बोटांनी टाइप करायच्या. पण आमच्याकडच्या लोकांनी त्या दुकानाचं जे केलं ते शहरातल्या माणसाला समजणार नाही. लोक स्वतः मेल बघायचेच नाहीत. पत्ता काढायला बाई, पासवर्ड ठरवायला बाई, तो लक्षात ठेवायलाही बाई. भरतीचे अर्ज केलेली पोरं, बियाण्यांचे विक्रेते, मुलगा परदेशात असलेले निवृत्त मास्तर, सगळ्यांची मेल रोज सकाळी अकराला बाई उघडायच्या, छापायच्या, मजकूर आत जाईल अशी घडी घालायच्या आणि चारही बाजूंनी पिना मारायच्या. त्या पिना काढताना मास्तर मंडळी बोटं टोचून घ्यायची आणि शिव्या द्यायची. याला बाई 'टपाल' म्हणत.

"तुम्ही वाचता का हो सगळं?" मी एकदा विचारलं.

"डोये आहेत ना, भाऊ. दिसते. पर दिसलं म्हनजे वाचलं असं नाई."

मेल उघडली की त्या काळी वर एक ओळ यायची, यातली चित्रं दाखवलेली नाहीत, दाखवू का, अशा अर्थाची. बाई ती ओळ नेमानं दाबायच्या. एका पोराच्या परीक्षेच्या पत्रावर संस्थेचं बोधचिन्ह छापलं गेलं नव्हतं आणि त्याला केंद्रावरून परत पाठवलं होतं, तेव्हापासूनचा हा नेम. "अर्धवट चिठ्ठी कोनाले देऊ नये," असं त्यांचं म्हणणं. ती ओळ तिथे कशासाठी असते हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि सगळ्या सडक अर्जुनीत कुणाला असेल असं वाटत नाही.

दोन हजार बाराच्या आसपास एक मुलगी यायला लागली. तिला मी वंदना म्हणतो, हे तिचं नाव नाही. पोवारांची पोर, माहेर तिकडे चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावात, सासर छत्तीसगडात. नवऱ्यानं तिला ज्या रीतीनं वागवलं त्याच्या खुणा मी पाहिल्या होत्या, कारण भाजल्यावरचं मलम ती माझ्याकडूनच न्यायची. नवरा माहेरी शोधेल म्हणून ती कोहमाऱ्याजवळ मामाकडे राहत होती आणि बाजाराच्या दिवशी मामीसोबत पिशवी घेऊन यायची. तिनं दूरच्या एका शहरात नर्सिंगसाठी अर्ज केला होता. त्याचं बोलावणं मेलवर यायचं होतं, कोणत्याही दिवशी. मेलचा पत्ता जुना होता, सासरी असताना दिरानं काढून दिलेला; पासवर्ड तेवढा बाईंनी बदलून दिला होता. अर्जावर तोच गेला होता, म्हणून बदलता येत नव्हता.

त्या पत्त्यावर नवऱ्याच्याही चिठ्ठ्या यायच्या. आधी माफीच्या, मग धमकीच्या. बाई त्याही छापायच्या. मी म्हटलं, "त्या कशाला देता तिला?" तर म्हणाल्या, "आली ते द्यायची. ठेवायची का जाळायची, तिनं पाहावं." वंदना घडी चाचपायची, बाईंना नजरेनं विचारायची, आणि नवऱ्याची असेल तर पिना न काढताच शेगडीत टाकायची. तिनं त्यातली एकही कधी वाचली नाही. हे बाईंना माहीत होतं, आणि शेगडी दोन्ही दुकानांपुढच्या ओट्यावर असल्यामुळे मलाही.

मग एके दिवशी सकाळी एक माणूस बाईंकडे आला. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. तासाभराचे पैसे देऊन आतल्या संगणकावर बसला. मी तेव्हा सुट्टे मागायला बाईंकडे गेलो होतो. अकरा वाजले, बाईंनी टपाल उघडायला घेतलं. एक छापली, दुसरी छापली. तिसरी उघडून वरची ओळ दाबली, आणि आतला माणूस खुर्ची सरकवून उठला.

"मॅडम, ये जो मेल आपने अभी खोला ना, वो मैंने भेजा है. अभी, यहीं बैठके."

बाईंनी पडद्यापुढे हात आडवा धरला.

त्यानं अगदी समजावून सांगितलं, जसं काही आम्हाला वस्तू विकायला आला होता. त्याच्या मित्रानं त्याला एक सोय लावून दिली होती. चिठ्ठीत डोळ्यांना न दिसणारं एक बारीक चित्र असतं. चिठ्ठी उघडून चित्रं दाखवली की ते चित्र पाठवणाऱ्याला जाऊन सांगतं, कधी उघडली, किती वेळा उघडली, कोणत्या भागातून उघडली. त्याला कित्येक महिने कळत होतं की त्याच्या चिठ्ठ्या गोंदियाकडे उघडल्या जातात, रोज सकाळी त्याच वेळेला. गोंदिया, देवरी करत तो एकेक दुकान पाहत आला होता. "वो मेरी हर चिठ्ठी पढ़ती है. दिल में कुछ है, तभी तो पढ़ती है ना? बस इतना बता दीजिए, लेने कब आती है."

"कोन कोनाची चिठ्ठी नेते, मी सांगत नाई," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता.

"आपको बताने की जरूरत ही नहीं," तो हसून म्हणाला. "मशीनने बता दिया." आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकावर बसला. बाजाराला दोन दिवस होते.

तो गेल्यावर मी भडकलो. म्हटलं, "बाई, तोंडावर सांगायचं होतं ना त्याला! तिनं एक अक्षर वाचलं नाही म्हणून. सगळ्या तुम्हीच उघडल्या म्हणून. उतरला असता माज."

"ते बी सांगनंच झालं ना, भाऊ. तिनं वाचलं हे तिचं, नाई वाचलं हेबी तिचंच." मग छापलेले कागद उगाच सारखे करत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "इतके वर्स मी कोनाचं काही सांगतलं नाई म्हनून ताठ बसत होती. अन् रोज सकाळी माह्याच हातानं त्याले सांगून राहिली होती. पोरीले मीच दाखवून देल्लं."

मी अनेक माणसं दुखण्यानं खचलेली पाहिली आहेत, माझा धंदाच तो आहे. पण कुणाचा चेहरा असा एका सकाळीत उतरलेला मी दुसरा पाहिला नाही. माझे डोळे भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून मी रागावलेलाच राहिलो.

दुपारी मी खोकल्याची बाटली पिशवीत टाकून, औषध पोचवायच्या निमित्तानं मामाच्या घरी गेलो. वंदनाला सांगितलं, बाजाराला येऊ नको. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "बोलावनं आलं तर? मेल उघडाच लागंल ना?" नर्सिंगचं बोलावणं आणि नवऱ्याची पाळत एकाच दाराशी येऊन उभी होती. मी परत येऊन बाईंना तसंच सांगितलं.

बाईंनी रात्रभर काय विचार केला कोण जाणे. सकाळी, तो माणूस टपरीवर यायच्या आत, मामीच्या फोनवर वंदनाची परवानगी घेतली आणि बूथचं शटर खाली ओढलं. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते शटर बंद झालेलं मी प्रथमच पाहत होतो. मला म्हणाल्या, "मावसबहिनीकडे जाऊन येतो." राजनांदगावला त्यांची मावसबहीण होती हे खरं, पण गेल्या कित्येक वर्षांत त्या गोंदियाच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. एस.टी.ची पायरी चढायला त्यांना कंडक्टरचा हात लागायचा, आणि कुणाचा हात धरणं त्यांना मुळीच आवडत नसे. त्या दिवशी त्यांनी धरला.

राजनांदगावच्या एका दुकानात बसून त्यांनी नवऱ्याची ती चिठ्ठी उघडली आणि वरची ओळ दाबली. संध्याकाळी रायपूरला गेल्या, तिथल्या दुकानात पुन्हा उघडली. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आणखी पुढे गेल्या, तिथेही उघडली. लंगडा पाय ओढत, अनोळखी शहरातल्या जिन्यांवरून चढत ही बाई एक न वाचायची चिठ्ठी उघडत फिरली. आणि इकडे टपरीवर तो माणूस आपल्या फोनकडे पाहत होता. बाजाराच्या सकाळी त्यानं फोन पाहिला, वंदना तिकडे पळाली असं समजून अर्धा चहा तसाच ठेवला आणि रायपूरकडे जाणाऱ्या गाडीमागे धावला. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

बोलावणं पुढच्याच महिन्यात आलं. वंदना कोणत्या शहरात गेली हे बाईंना ठाऊक होतं आणि मामामामीला. मी विचारलं नाही. तेवढा शहाणा मी झालो होतो.

बाई परत आल्या तेव्हा मी त्यांचं कौतुक करायला गेलो. त्यांनी हातानंच थांबवलं. "खोटं बोलली मी, भाऊ. चूप राहनं अलग आहे. हे तर खोटं झालं." त्यांना त्याचा आनंद झाला नाही, कधीच नाही. त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्याची मेल उघडणं बंद केलं. अकराचं टपाल संपलं. जो येईल त्याला शेजारी बसवून स्वतःची स्वतः उघडायला शिकवायच्या, आणि सगळ्यात आधी ती वरची ओळ बोटानं दाखवायच्या. "हे दाबायचं नाई. कोनी धाडली ते पाह्य आधी." मास्तर मंडळी कुरकुरली, पोरं हसली. गिऱ्हाईक निम्मं झालं, मग लोकांच्या हातात मोठे फोन आले आणि उरलेलंही गेलं. बाई काठी टेकून रिकाम्या दुकानात बसून राहायच्या.

तो माणूस मात्र कायमचा गेला नव्हता. वर्षा-दोन वर्षांनी उगवायचा. टपरीवर चहा प्यायचा, बाईंच्या भावाशी गोड बोलायचा, एकदा माझ्याकडून डोकेदुखीची गोळी घेता घेता सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "वो कहाँ सेटल हुई, कुछ मालूम?" मी म्हटलं, गोळी जेवणानंतर घ्या.

पुढे बाईंना पोटाचं दुखणं लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला रिपोर्ट पाहूनच कळलं होतं. भाऊ रडला, गावभर बोलला. आणि थोड्या दिवसांनी बाई घरातून निघून गेल्या. "मैत्रिनीकडे इलाज आहे," एवढंच भावाला सांगितलं. कुठली मैत्रीण, कुठलं गाव, काही नाही. भाऊ हिरमुसला. गावातले लोक म्हणाले, शेवटी म्हातारीचं डोकं फिरलं.

पुढे मला मात्र त्यांनी बोलावलं, कारण आधीच्या औषधांचे सगळे कागद माझ्याकडे होते. ते घेऊन मी गेलो. शहराचं नाव मी लिहीत नाही. मोठा दवाखाना होता, स्वच्छ, खिडकीशी खाट. बाई फार बारीक झाल्या होत्या. मी बसलो तेवढ्यात एक नर्स आली, सलाईन तपासलं, पायावरची चादर सारखी केली. अंगानं भरलेली, डोळ्यांना चष्मा लागलेला, तरी मी तिला बघताक्षणी ओळखलं. तिनंही मला ओळखलं. बाई म्हणाल्या, "हे आमचे मेडिकलवाले भाऊ." मला मात्र त्यांनी तिचं नाव सांगितलं नाही. नर्सनं हात जोडले, मीही जोडले, आणि आम्ही दोघं औषधांबद्दल बोललो.

निघताना बाईंनी माझा हात धरला.

"भाऊ, गावात इचारतील, कुठी आहे म्हनून."

"काय सांगू?"

"बरी आहे म्हना. कुठी ते नोका सांगू. माह्या भावालेबी नोका सांगू. तो येईल, अन् परत जाऊन साऱ्याइले सांगंल."

"तुम्हाला कुणाला भेटावंसं वाटत नाही?"

बाईंचे डोळे भरले. त्यांना भावाला भेटायचं होतं, त्याच्या नातवाला पाहायचं होतं, पाटले मास्तरचा पाचकळपणाही ऐकायचा होता, हे त्या चेहऱ्यावर लहान मुलालाही वाचता आलं असतं. त्या म्हणाल्या, "वाटते ना. काऊन नाई वाटनार." आणि माझा हात सोडला.

मी पिशवी राहिली म्हणून जिन्यावरून परत फिरलो. दाराशी आलो आणि तिथेच थांबलो. वंदनाची ड्यूटी संपली होती, ती साध्या साडीत येऊन स्टुलावर बसली होती आणि बाईंना चमच्यानं पेज भरवत होती. बाई लहान पोरीसारखं तोंड उघडत होत्या. मी पिशवी तिथेच राहू दिली आणि खाली उतरलो.

गावी आलो तर बाईंचा भाऊ, मी कुठे गेलो असेन हे ताडून, बस स्टँडवरच उभा होता. "भेटली का? कुठी आहे?" म्हणून त्यानं माझी बाही धरली. त्याचे डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, बरी आहे.